कळी नसलेला चहा: लूआन ग्वाफ्येन खरा कसा ओळखायचा आणि कसा प्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चीनच्या आन्हुई प्रांतात, हफेई शहरात शिकणाऱ्या मुलाने सुट्टीत घरी येताना 'लूआन ग्वाफ्येन' नावाच्या हिरव्या चहाचा डबा आणला. बऱ्यापैकी महाग. उघडून बघितलं तर आत एकही कळी नाही, नुसती पानं. दार्जिलिंगच्या चहातलं थोडंफार कळणारे शेजारी म्हणाले, "टिप नाही म्हणजे खालच्या प्रतीचा माल, पोराला गंडवलंय." करून पाहिला तर पहिल्या वेळी कडू आणि जळकट लागला, दुसऱ्या वेळी गवताचं पाणी. तर हा चहा खरा की खोटा, आणि खरा असेल तर त्यात एवढं आहे तरी काय?

कळी नाही म्हणून मुलगा फसला, असं मुळीच नाही. उलट त्या डब्यात कळ्या निघाल्या असत्या तर मला काळजी वाटली असती. चीनच्या नावाजलेल्या चहांमध्ये कळी आणि देठ दोन्ही बाजूला काढून निव्वळ पानाचा केलेला हा एकच चहा आहे.

शेजाऱ्यांना मात्र बोल लावू नका. मी कुन्नूर आणि गुवाहाटीच्या लिलावांसाठी चहा चाखण्यात 24 वर्षं घालवली, आणि हीच चूक मीही केलेली आहे. आपल्याकडे या धंद्यात शिरणाऱ्याला 'दोन पानं, एक कळी' हे बे एके बे सारखं पाठ करवून घेतात. चांदीसारखी टिप दिसली की भाव वर, काडी आणि मोठं पान दिसलं की खाली. नवशिका असताना या चहाचा नमुना माझ्यासमोर आला, तेव्हा पाणी ओतायच्या आधीच मी कागदावर लिहून टाकलं होतं: 'टिप नाही, पान जून, साधा.' माझ्या वरच्या साहेबांनी तो कागद वाचला, काही बोलले नाहीत, फक्त किटली माझ्याकडे सरकवली. पाच मिनिटांनी मी ती ओळ खोडली. आता कप चाखल्याशिवाय पेन उघडत नाही.

आधी नावाचा घोळ निस्तरू, कारण खरेदीत माणसं तिथेच फसतात. 'ग्वा' म्हणजे कलिंगड, खरबूज, भोपळा अशी वेलीवरची फळं. त्यांच्या बियांना म्हणतात 'ग्वाझ'. 'फ्येन' म्हणजे पातळ तुकडा, चकती. कडा आत वळलेलं हे पान बीसारखं दिसतं म्हणून 'ग्वाझफ्येन', आणि बोलता बोलता त्याचं झालं ग्वाफ्येन. लूआन हे शहराचं नाव. ते ज्या चिन्हाने लिहितात, त्याचा एरवीचा अर्थ 'सहा' आणि उच्चार 'ल्यू'. या गावापुरता मात्र तो 'लू' होतो. त्यामुळे परदेशी विक्रेते कधी लूआन लिहितात, कधी ल्यूआन.

एका व्यापाऱ्याकडून मी एकदा 'ल्यूआन' म्हणून माल मागवला. बांबूच्या छोट्या करंड्यांत, वाळक्या पानांत गुंडाळलेला काळा, मुरवलेला चहा आला. तो येतो दक्षिण आन्हुईतल्या छीमेन भागातून. हाँगकाँग आणि आग्नेय आशियातले जुने चिनी लोक तो वर्षानुवर्षं साठवून पितात. वाईट नाही, पावसाळ्यात मला आवडतोही. पण हिरव्या ग्वाफ्येनशी त्याचं नातं आडनावापुरतं. व्यापाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं आणि मी नीट विचारलं नव्हतं, तेव्हा पैसे गेले ते माझे. तुमचा चहा हिरवा आहे, म्हणजे हा धोका टळला आहे.

आता गाव कुठे ते सांगतो. आन्हुईच्या पश्चिम टोकाला, हूबेई आणि हनान प्रांतांच्या सीमेवर दाबिये डोंगररांग आहे. यांगत्से नदीच्या उत्तरेला. ही दिशा महत्त्वाची आहे, कारण चीनचे बहुतेक नामांकित हिरवे चहा नदीच्या दक्षिणेकडचे. हांगजौचा लोंगजिंग घ्या, सूजौचा बीलोछुन घ्या, याच आन्हुईच्या दक्षिणेकडचे ह्वांगशानचे चहा घ्या. उत्तरेकडच्या डोंगरात थंडी जास्त आणि पालवी उशिरा. मिंग काळात शू त्सशू नावाच्या माणसाने चहावर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की नदीच्या दक्षिणेला हवा उबदार, म्हणून चहा तिथलाच. पण उत्तरेकडे नाव घ्यायचं तर लूआनचं. चारशे वर्षांपूर्वीही हा परगणा असा अपवाद म्हणूनच ओळखला जात होता.

तिथले लोक डोंगराचे दोन भाग करतात: आतला डोंगर आणि बाहेरचा डोंगर. आतला म्हणजे जिनजाई तालुक्याकडचा उंच भाग. त्यात छीशान नावाचा डोंगर सगळ्यांत मानाचा. तिथे कड्यात एक वटवाघळांची गुहा आहे, आणि तिच्या आसपासचा चहा सर्वोत्तम असं सांगतात. वटवाघळांच्या विष्ठेचं खत मिळतं म्हणून, हे त्यांचं कारण. मला विचाराल तर धुकं, उंची आणि कड्याची सावली यांचा वाटा मोठा असावा. पण गुहेची गोष्ट डब्यावर छान दिसते, हे खरंच. छीशान नाव लिहिलेले डबे जितके विकले जातात तितका चहा त्या एका डोंगरावर पिकणं शक्य नाही, एवढं व्यवहारज्ञान ठेवा. 1950 च्या दशकात ह्वाई नदीचे पूर आवरण्यासाठी या भागात मेइशान आणि शियांगहोंगद्येन ही मोठी धरणं झाली. दऱ्यांतली भातखाचरं पाण्याखाली गेली. आज त्या जलाशयांच्या काठावर उतरणीला चहा दिसतो, आणि पाण्यावरून उठणारं धुकं दुपारपर्यंत झुडपांवर बसून असतं.

इतिहासाबद्दल एक खुलासा करावासा वाटतो, कारण डब्यावर बहुधा 'हजार वर्षांची परंपरा' छापलेलं असेल. लूआन परगण्याचा चहा जुना आहे, यात वाद नाही. मिंग आणि छिंग राजवटींत तो दरबारात खंडणी म्हणून जायचा. अठराव्या शतकातल्या 'लाल महालाचं स्वप्न' या कादंबरीत, 41 व्या प्रकरणात, घरातली वडीलधारी आजी चहाचा पेला हातात घेताना आधीच सांगते, "मी लूआनचा चहा घेत नाही." म्हणजे तेव्हा मोठ्या घरांत तो इतका ठरलेला होता की नको असेल तर बजावून सांगावं लागे. पण हे सगळं लूआनच्या चहाबद्दल झालं. ग्वाफ्येन हा आकार, ही पद्धत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. सांगतात ते असं: 1905 च्या सुमारास लूआनच्या एका पेढीवरचा चहा पारखणारा माणूस तयार मालातून कोवळी पानं तेवढी वेचून, देठ काढून वेगळी विकायला लागला. गिऱ्हाईक तुटून पडलं. मग बाकीच्यांनी विचार केला की तयार चहातून वेचण्यापेक्षा ओल्या पानातूनच का वेचू नये. दुसरीही एक कथा आहे, एका बड्या अंमलदाराच्या नातेवाइकांना खूश करण्याची. मला पहिली पटते, कारण ती धंद्यातली आहे. पारख करणाऱ्याचा हात कुठे रेंगाळतो हे मला ठाऊक आहे. म्हणजे चहाची परंपरा कैक शतकांची आणि या पानाची साधारण सव्वाशे वर्षांची. सव्वाशे वर्षं मला तरी कमी वाटत नाहीत.

आता मुख्य गोष्ट: पान. चिनी पंचांगात वर्षाचे चोवीस भाग असतात. 4-5 एप्रिलच्या सुमारास 'छिंगमिंग' येतो आणि 20 एप्रिलच्या सुमारास 'गुयू', म्हणजे धान्याचा पाऊस. लोंगजिंगसारख्या चहांमध्ये छिंगमिंगच्या आधीची खुडणी सर्वांत महाग, कारण त्यांना कोवळी कळी हवी असते. ग्वाफ्येनवाले थांबतात. त्यांना पान उघडलेलं हवं, अंगात थोडा भरणा आलेलं हवं. खरी खुडणी गुयूच्या आगेमागे. या चहाला 'छिंगमिंगआधीचा' म्हणून जादा पैसे मागणारा विक्रेता भेटला, तर तो दुसऱ्या चहाची फूटपट्टी इथे लावतोय असं समजा. दुर्दैवाने बाजाराने ही फूटपट्टी सगळ्यांनाच लावली आहे. लवकर आलेल्या मालाला भाव मिळतो म्हणून हल्ली इथेही काही जण घाई करतात. तशा पानाचा चहा दिसायला नाजूक, प्यायला पोकळ.

खुडून आणलेल्या फांदीचं पुढे जे करतात त्याला म्हणतात 'बान-फ्येन', पानं मोडून काढणं. जुनी पद्धत अशी की शेंडा देठासकट तोडून आणायचा, सावलीत पसरायचा आणि मग घरातल्या सगळ्यांनी टेबलाभोवती बसून एकेक पान देठापासून वेगळं करायचं. मी पाहिलं त्या घरात सासू, दोन सुना आणि शाळेतून आलेली नात बसल्या होत्या. आपल्याकडे मेथी निवडतात तसंच ते दिसत होतं, गप्पाही तशाच चालल्या होत्या. पण बोटांकडे बघितलं तर फरक कळत होता. पहिलं पान एका सुपात, दुसरं दुसऱ्यात, त्याखालचं जून पान तिसऱ्यात. कळी वेगळी, तिचा वेगळा चहा होतो. देठही फेकत नाहीत, तो घरच्यांच्या किटलीत जातो. नात चुकून एक पान भलत्या सुपात टाकायची, आणि आजी बोलणं न थांबवता ते उचलून जागेवर ठेवायची. हे वेगळं करणं नखऱ्यासाठी नाही. कळी, कोवळं पान आणि जून पान यांत पाण्याचा अंश वेगवेगळा. तिन्ही एकाच कढईत गेली तर कळी करपते तेव्हा जून पान अजून कच्चं असतं. एका वयाची पानं एकत्र आली की आच सगळ्यांना सारखी लागते. पुढे जी आग येणार आहे ती सोसायला ही तयारी लागते. आता पुष्कळ ठिकाणी झुडपावरूनच पान-पान खुडतात, त्यामुळे टेबलाभोवतीची ही बैठक कमी होत चालली आहे.

मग कढई. दोन कढया शेजारी-शेजारी, पुढच्या बाजूला तिरक्या बसवलेल्या. एक 'कच्ची', एक 'पक्की'. एका वेळी घालायची पानं किती, तर जेमतेम 100 ग्रॅम. हातात झारा नसतो, बांबूच्या काड्यांचा किंवा ज्वारीच्या कणसांच्या काड्यांचा छोटा कुंचा असतो. कच्च्या कढईत मिनिट-दोन मिनिटं भराभर फिरवायचं, पान मऊ पडून रंग गडद झाला की त्याच कुंच्याने शेजारच्या कढईत लोटायचं. तिथे आच थोडी कमी. तिथे कुंचा फिरवता फिरवता हलकं थोपटत जायचं, म्हणजे कडा आत वळून बीचा आकार येतो. पहिल्या कढईचं काम रसायनाचं आहे. चहाचं पान खुडलं की त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याला काळं करायला निघतात. आपला नेहमीचा काळा चहा त्यांच्याच जिवावर होतो. कढईच्या आचेने ती विकरं मरतात आणि पान हिरवं राहतं. जपानी लोक हेच वाफेने करतात, म्हणून त्यांच्या चहाला समुद्री शेवाळासारखा वास येतो. कढईतल्या चहाला खमंगपणा येतो. ग्वाफ्येनच्या वासाचं वर्णन पुस्तकांत 'भाजलेलं चेस्टनट' असं असतं. चेस्टनट आपल्यापैकी किती जणांनी खाल्लंय? मला विचाराल तर तो वास हुरड्याचा. आगटीतून काढलेलं कणीस तळव्यावर चोळल्यावर येतो ना, हिरवा आणि भाजका एकाच वेळी, तो. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी चीनमध्ये नव्हे, सोलापूरकडच्या एका शेतात उभा होतो असं क्षणभर वाटलं.

इथवरची कृती थोड्याफार फरकाने इतरही हिरव्या चहांची आहे. ग्वाफ्येन वेगळा होतो तो यानंतरच्या आगीने. तीन आगी असतात: पहिली, मग बारीक, मग म्हातारी. पहिल्या आगीवर बांबूच्या शेकणीत पान बरंचसं वाळवतात, मग पिवळी पानं, फाटकी पानं, राहिलेल्या काड्या निवडून काढतात. बारीक आग त्यातली आणखी ओल घेते. मग काही दिवस जाऊ देतात आणि शेवटची 'लाओ ह्वो', म्हातारी आग. या कामाला म्हणतात 'ला लाओ ह्वो', म्हातारी आग ओढणं.

ते मी एकदाच बघितलं, एका मोठ्या मातीच्या जमिनीच्या शेडमध्ये, संध्याकाळी. लाकडी कोळसा दाटीने रचून असा पेटवलेला की धूर अजिबात नाही, नुसती वर उसळणारी धग. त्याच्या दोन बाजूंना दोन माणसं. मध्ये रुंद, टोपी उलटी ठेवल्यासारखी बांबूची शेकणी, तिच्यावर तीन-चार किलो पान पसरलेलं. दोघे ती उचलून पळत येतात, निखाऱ्यांवर धरतात, दोन-तीन सेकंद, आणि लगेच उचलून बाजूला. खाली ठेवल्या ठेवल्या एक जण हाताने पान वर-खाली करतो. तोवर दुसरी जोडी आपली शेकणी घेऊन आगीवर हजर. मग पुन्हा पहिली. एकेक शेकणी अशी 50-60 वेळा तरी जाते, पुष्कळदा त्याहूनही जास्त. बोलत कोणी नाही. पावलं पडतात ती पालखीच्या भोयांसारखी, एकाची चूक दुसऱ्याच्या खांद्यावर. अंगावर पातळ बनियन, तेही घामाने चिकटलेलं.

मी मूर्खासारखं विचारलं की एवढं उचल-ठेव करण्यापेक्षा मंद आचेवर तासभर का ठेवत नाही. तिथल्या वयस्कर माणसाने माझ्याकडे पाहून हात हलवला, म्हणजे 'बघ'. शेकणी एका फेरीत त्यांनी नेहमीपेक्षा जरा जास्त धरली, आणि वास बदलला. दोन सेकंदांचा फरक. पापड भाजणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. निखाऱ्यावर टाकला, उलटला, उचलला, तर फुलतो. मंद आचेवर ठेवलात तर चामट होतो, विसरलात तर कोळसा. ग्वाफ्येनचं पान कळीपेक्षा जाड, मधल्या शिरेत ओल लपलेली. जोरदार धग झटक्याझटक्याने दिली की ती ओल बाहेर पडते आणि हिरवेपणा टिकतो. मंद आचेवर ठेवलं असतं तर पान पिवळं पडलं असतं. शेवटी पानावर पांढुरकी झाक येते, द्राक्षावर असते तशी. तिला ते 'दव गोठणं' म्हणतात. ती आली की आग थांबते आणि चहा गरम असतानाच पत्र्याच्या डब्यात दाबून भरतात. पूर्वी थराथराने पायाने दाबून वर झाकण डाखाने सांधत.

2008 मध्ये चीन सरकारने आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत हिरवा चहा करण्याची कला घातली. त्यात लोंगजिंग, ह्वांगशान माओफंग, थायफिंग हौख्वी यांच्या बरोबरीने लूआन ग्वाफ्येन होता. नोव्हेंबर 2022 मध्ये युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहा-कृती आणि त्याभोवतीच्या चालीरीती आपल्या यादीत घेतल्या. अशा 44 राष्ट्रीय नोंदी त्यात एकत्र आहेत, ग्वाफ्येनची धरून. तुमच्या डब्यावर यातलं काही छापलेलं असेल तर ते खरं आहे. फक्त त्याचा अर्थ नीट लावा. मान मिळाला आहे तो कृतीला. डब्यातल्या चहाला तो मिळालाय असं नाही. गॅसवरच्या यंत्रात वाळवलेला चहाही त्याच जिल्ह्यातून येतो आणि डब्यावर तेच चित्र छापलं जातं. यंत्राला माझा सरसकट विरोध नाही. कढईचं काम चांगलं यंत्र सफाईने करतं, हे मी चाखून सांगतो. शेवटच्या आगीत मात्र फरक पडतो, आणि तो कपात कळतो: कोळशावरच्या चहाची चव घशाशी रेंगाळते, दुसरा जिभेवरच संपतो. त्या शेडमध्ये शेकणी उचलणाऱ्यांत तिशीच्या आतला एकच जण होता, आणि तो सुट्टीपुरता शहरातून आला होता.

आता तुमच्या डब्याकडे येऊ. पांढऱ्या ताटलीत चमचाभर चहा पसरा. पानं साधारण एका मापाची हवीत. कडा आत वळलेल्या, पान चपटं दाबलेलं नसावं. रंग गडद हिरवा, किंचित निळसर, वर ती पांढुरकी झाक. पिवळ्या चकत्या फार असतील तर निवडणीत आळस झाला आहे. कळी किंवा काडी दिसली तर भेसळ समजा, एखाद-दुसरी चालेल. मग चिमूटभर पान चुरगाळा: कुरकुरीत पूड व्हायला हवी. वाकलं तर ओल शिरली आहे.

'जळकट' लागण्याची तीन कारणं संभवतात. म्हातारी आग जिरायला वेळ लागतो. ताजा ग्वाफ्येन बनल्यानंतर दोन-तीन आठवडे बंद ठेवला नाही तर आगीची चव पुढे येते. लिलावात अशा चहाला आम्ही 'बेकी' म्हणतो. हा दोष असेल तर डबा बंद करून पंधरा दिवस विसरा, बरंच निवळेल. दुसरं कारण, पान खरोखरच करपलेलं असणं. भिजलेली पानं उलगडून बघा. कडांना काळे ठिपके असतील तर ते जाणार नाही. तिसरं कारण सर्वांत संभवनीय आहे आणि रागावू नका, ते तुम्ही आहात. आधी कडू-जळकट आणि नंतर गवताचं पाणी, म्हणजे पहिल्यांदा चहा पातेल्यात उकळला असणार आणि दुसऱ्यांदा भीतीने कोमट पाण्यात टाकला असणार. हिरवा चहा म्हटला की 'पाणी फार गरम नको' हे सगळ्यांना पाठ असतं. कळीच्या चहाला ते बरोबर आहे. ग्वाफ्येनमध्ये कळी नाही, आणि जाड पानाला गरम पाणी लागतं.

करायचं असं. उंच काचेचा पेला घ्या, 200 मिलिलिटरचा. चहा 3 ग्रॅम. वजनकाटा नसेल तर सैल भरलेला मोठा चमचा, दोनदा. ही पानं हलकी असतात, त्यामुळे चमच्याचं माप नेहमीच्या चहासारखं धरलंत तर पाणचट होणार. पाणी उकळा, गॅस बंद करून तीन-चार मिनिटं थांबा, 85 अंशांच्या आसपास येतं. पेला आधी गरम पाण्याने विसळा, पान टाका, तळाशी बोटभर पाणी ओता आणि पेला हळू फिरवा. आता नाक जवळ न्या. हुरडा आला का? आला असेल तर चहाबद्दलची शंका तिथेच सोडून द्या. मग बाकीचं पाणी ओता, दोन-अडीच मिनिटं थांबा आणि प्या. गाळायचं नाही. पानं हळूहळू तळाशी बसतात. पेला तळापर्यंत रिकामा करू नका. तिसरा हिस्सा राहिला की वर नवं गरम पाणी. असं तीनदा चालतं. मला दुसरा पेला सर्वांत आवडतो, पहिल्यात आग जरा पुढे असते. दूध, साखर, लिंबू, आलं यातलं काही घालू नका. घालायचंच असेल तर घरातला रोजचा सीटीसी, म्हणजे दाणेदार काळा चहा, त्यासाठी बनलेला आहे, आणि तो मीही सकाळी आलं घालून पितो.

पाण्याचं एक राहिलं. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर कितीही चांगला चहा मळकट दिसेल, वर तवंग येईल आणि वास दबेल. नळाचं किंवा साधं गाळलेलं मऊ पाणी वापरा. फिल्टरमधून क्षार पार काढून टाकलेलं पाणीही या चहाला बेचव करतं. तसं असेल तर त्यात निम्मं नळाचं उकळलेलं मिसळा.

आणि डबा स्वयंपाकघरात ठेवू नका. चहाचं पान शेजारच्याचा वास ओढून घेतं, आणि आपल्या स्वयंपाकघरातला शेजारी म्हणजे हिंग आणि गोडा मसाला. घट्ट झाकणाच्या डब्यात, त्यावर आणखी एक पिशवी, आणि फ्रिजमध्ये. रोज लागेल तेवढा आठवड्याचा बाहेर काढून ठेवा, कारण थंड डबा दमट हवेत वारंवार उघडलात तर आत पाणी धरतं. उघडल्यापासून दोन-तीन महिन्यांत संपवा. पावसाळा तोंडावर असेल तर त्याआधीच.

शेवटी एक काम मुलाला सांगा. डब्याच्या तळाशी किंवा मागे बनल्याची तारीख असते, वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंतची असेल तर उत्तम. मार्चची असेल तर पान अवेळी खुडलेलं आहे. जूनच्या आसपासची असेल तर तो पावसाळी माल, 'मेइफ्येन'. तोही खोटा नव्हे, पण त्याला ग्वाफ्येनचा भाव द्यायचं कारण नाही. बनल्याची तारीख नसेल आणि नुसती डब्यात भरल्याची असेल, तर दुकानदाराला विचारायला सांगा, चहा कोणत्या आगीवर वाळवला. चांगला दुकानदार हा प्रश्न ऐकून खूश होतो. आणि शेजाऱ्यांना दुसरा पेला पाजा.